जवारीचा धनी

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गाणे जगाला ठाऊक आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवणारा त्यांचा हात मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. ज्या सुरेलपणामुळे ते अमर झाले, त्याची सुरुवात या हातापासून होते.

अब्दुल करीम खाँ प्रवासाला निघाले की त्यांच्या सामानात वाद्यदुरुस्तीची हत्यारेही असत. तंबोरा बिघडला तर तो कारागिराकडे पाठवून वाट पाहणे त्यांना मानवत नसे. खुंटी सैल झाली, तार गंजली, घोडीचा पृष्ठभाग झिजून आवाज बसला, की ते स्वतः मांडी घालून बसत आणि वाद्य पुन्हा बोलते करीत. गवई आणि कारागीर या दोन जाती वेगळ्या मानण्याचा तो काळ होता. गवयाने गावे आणि वाद्य घडवणाऱ्याने घडवावे, अशी वाटणी ठरलेली होती. खाँसाहेबांनी ती पाळली नाही.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. याच गावाच्या नावावरून पुढे किराणा हे घराण्याचे नाव रूढ झाले. घरात पिढ्यान्‌पिढ्या संगीत होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. गळ्याबरोबर सारंगी, बीन, सतार, तबला अशा वाद्यांवरही त्यांचा हात बसला. या वाद्यशिक्षणाचे महत्त्व मोठे आहे. सारंगीला पडदे नसतात. स्वर कोठे आहे हे बोटाला आणि कानाला स्वतः शोधावे लागते. केसभर इकडेतिकडे झाले की तो बेसूर होतो. ज्याचा कान लहानपणी अशा वाद्यावर तयार झाला, त्याला पुढे कोणत्याही वाद्याने आयता दिलेला स्वर पुरेसा वाटणे कठीणच होते.

तरुणपणी धाकटे बंधू अब्दुल हक यांच्यासह ते दक्षिणेकडे उतरले आणि बडोद्याला पोहोचले. सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला. दरबाराशी नाते असलेल्या माने या सरदार घराण्यातील ताराबाई यांना ते गाणे शिकवू लागले. गुरुशिष्येचे हे नाते प्रेमात बदलले. मराठा सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई यांचा विवाह त्या काळच्या बडोद्याला पचणे शक्य नव्हते. एकोणिसावे शतक संपत असताना दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. पुढे मिरज हे त्यांचे गाव झाले.

मिरजेची निवड योगायोगाने झाली असेल. पण या गवयाला याहून योग्य गाव मिळाले नसते. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे तेथे संगीताचे वातावरण होते. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी तेथेच शिष्यांना दिली होती. विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांच्यापैकीच एक. याखेरीज मिरज हे तंतुवाद्यांचे गाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथील शिकलगार कारागिरांनी या धंद्यात पाऊल टाकले. शिकलगारांचे मूळ काम हत्यारे घडवण्याचे आणि त्यांना धार लावण्याचे. कंपनी सरकारच्या अमलात तलवारींची मागणी ओसरली, तेव्हा याच हातांनी भोपळा आणि लाकूड धरले. फरीदसाहेब हे नाव या परंपरेच्या आरंभी आदराने घेतले जाते. पंढरपूरच्या परिसरातून येणारे मोठे भोपळे, त्यावर बसवलेली लाकडी तबली, लांब दांडी, खुंट्या आणि सर्वांत शेवटी घोडी, असा तंबोरा मिरजेत आकार घेई. लोखंड घासून धार काढणारी कानस आता घोडी घासून सूर काढू लागली.

प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि त्यातून ते बरे झाले, अशी कथा मिरजेत परंपरेने सांगितली जाते. कथेची शहानिशा बाजूला ठेवली, तरी दर्ग्याशी जडलेले त्यांचे नाते आयुष्यभर टिकले, हे खरे. दर्ग्याच्या उरुसात ते हजेरी लावत.

तंबोऱ्याच्या चार तारांतून साधा षड्ज-पंचम निघतो, असे वरवर ऐकणाऱ्याला वाटते. पण लागलेल्या तंबोऱ्याजवळ शांत बसले, की कोणीही न छेडलेले स्वर ऐकू येऊ लागतात. खर्जाच्या तारेतून गंधार निघतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ही किमया घोडीवर घडते. सतार-तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिची पाठ किंचित उतरती, गोलसर असते. छेडलेली तार या पाठीला हलकेच घासत, टेकत आणि सुटत राहते. त्यामुळे मूळ स्वराच्या वरचे सूक्ष्म स्वर एकामागून एक उमलत जातात आणि नादाला ती ओळखीची झणक येते. हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. तो योग्य जागी आला की तंबोरा खुलतो आणि जरा पुढेमागे झाला की मुका होतो. घोडीची पाठ किती घासायची, हे कोणत्याही मापाने सांगता येत नाही. कारागीर एकदा कानस फिरवतो, तार छेडून ऐकतो आणि पुन्हा घासतो. एक घासणी जास्त झाली तर सारे काम नव्याने करावे लागते.

या नादाचे शास्त्रीय नवल पुढे भौतिकशास्त्रानेही मान्य केले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्यावर शोधनिबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली, तेथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असतो, ते उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य नादशास्त्राचा नियम होता. आपल्या तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट उमटतात, हे रामन यांनी दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या पाठीत व त्या दोऱ्यात असल्याचे सांगितले. तोवर मिरजेच्या कारागिरांनी कित्येक दशके हा नियम कानशीने मोडीत काढला होता.

पाश्चात्त्य संगीताला अशा घरघरत्या, उपस्वरांनी भरलेल्या नादाची ओढ लागायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे १९६०-६१ च्या सुमारास मार्टी रॉबिन्स यांच्या ध्वनिमुद्रणात यंत्राच्या बिघाडामुळे एका गिटारचा आवाज खरखरीत उमटला. तो पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारे परिपथ तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये मॅस्ट्रो या नावाने पायाने दाबायच्या पेटीच्या रूपात बाजारात आणले. हीच फझची पेटी. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या गाण्याने ती जगभर पोहोचली. ट्रान्झिस्टर ध्वनिलहरीचे माथे कापतो आणि त्यातून नवे उपस्वर जन्मतात, असे तिचे साधे तत्त्व आहे. आजही जगभर छोटे कारागीर अशा पेट्या हाताने, एकेक करून घडवतात आणि वादक त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजतात. एक काम वीज करते आणि दुसरे सुताचा दोरा. दोघांची रीत वेगळी आहे, पण कोरड्या नादात प्राण भरण्याची तहान एकच आहे.

ही तहान खाँसाहेबांच्या गायकीच्या मुळाशी होती. किराणा घराण्याचे गाणे स्वरप्रधान म्हणून ओळखले जाते. शब्दांची फेक, लयीचे डावपेच किंवा तानांचा पाऊस यांपेक्षा एकेका स्वराला गोंजारत, त्याच्या आतपर्यंत जात आलापी फुलवणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार आणि उंच पट्टीचा होता. असा आवाज तंबोऱ्याच्या नादात पूर्ण मिसळला, तर गायक कोठे संपतो आणि वाद्य कोठे सुरू होते हे कळेनासे होते. त्यासाठी तंबोराही तेवढाच निर्दोष लागतो. मागे बसलेल्या शिष्याने कसाबसा लावलेला तंबोरा अशा गायकीच्या उपयोगाचा नसतो. म्हणून त्यांनी जवारी स्वतःच्या हातात ठेवली.

याच कानामुळे ते एका वेगळ्याच उद्योगात सापडले. मिरजेच्या शेजारी सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत होते. प्राचीन ग्रंथांत सांगितलेल्या बावीस श्रुती नेमक्या कोठे आहेत, हे गणिताने सिद्ध करण्याचा त्यांना ध्यास लागला होता. ग्रंथ त्यांच्याजवळ होते आणि नाद मोजण्याचे तारयंत्रही होते. उणीव होती ती खात्रीच्या गळ्याची. ती अब्दुल करीम खाँ यांनी भरून काढली. खाँसाहेबांनी लावलेला स्वर देवल तारेवर पकडीत आणि तिची लांबी मोजून आकडे मांडीत. १९१० मध्ये देवलांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ई. क्लेमेंट्स या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने हे काम पुढे नेले आणि लंडनच्या मूर या कारागिराकडून खास श्रुती-हार्मोनियम बनवून घेतले.

या वाद्यामागचा हेतू समजून घेण्यासाठी नेहमीच्या हार्मोनियमची अडचण पाहायला हवी. तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो. हा फरक एका अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे १४ भाग इतका आहे. सामान्य श्रोत्याला तो जाणवत नाही. ज्याच्या कानात रात्रंदिवस जवारी झणकते, त्याला मात्र तो काट्यासारखा टोचतो. शिवाय पेटीवर दोन स्वरांमधून मींड घेता येत नाही. श्रुती-हार्मोनियम यातील पहिल्या दोषावर इलाज करू पाहत होते.

तो इलाज लागू पडला नाही. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा प्रश्न गाजला. देवल-क्लेमेंट्स यांची मांडणी पं. विष्णु नारायण भातखंडे यांना मान्य झाली नाही. श्रुतीची जागा रागाप्रमाणे आणि स्वराच्या सोबतीप्रमाणे हलते. ती पट्टीखाली कायमची बांधता येत नाही, हा गवयांचा अनुभव होता. ते खास हार्मोनियम इतिहासाच्या अडगळीत गेले. साधी पेटी मात्र घरोघरी आणि मैफलीत राहिली, इतकी की १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, तरी ती संपली नाही. ज्यांच्या गळ्यावर श्रुतींची मापे घेतली गेली, त्या खाँसाहेबांचे गाणे या वादाने अडले नाही. रोज नव्याने जवारी लावणाऱ्या माणसाला स्वर एकदाच पक्का करून ठेवण्याची गरज नव्हती.

दरम्यान १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. घराण्याची विद्या मुठीत ठेवण्याची उस्तादांची रीत सर्वांना ठाऊक होती. खाँसाहेबांनी जातधर्म न पाहता शिष्यांना जवळ केले आणि हातचे राखून न ठेवता शिकवले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, हे त्यांचे सर्वांत नामवंत शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी गुरूचे विस्तृत मराठी चरित्र लिहून ठेवले. पुढे रोशनआरा बेगम यांनाही त्यांची तालीम मिळाली.

कर्नाटक संगीताकडे आदराने पाहणारे उत्तरेतील गवई त्या काळी विरळा होते. म्हैसूर दरबाराच्या निमित्ताने खाँसाहेबांचा दक्षिणेशी संबंध आला आणि तेथील संगीत त्यांनी शिकण्याच्या भूमिकेतून ऐकले. त्यांच्या गाण्यातील सरगमचा मुक्त वापर हा या संगतीचा परिणाम मानला जातो. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती त्यांनी ध्वनिमुद्रितही केली. धारवाड-हुबळीच्या पट्ट्यात किराणा गायकी रुजली, त्यालाही या प्रवासातील मुक्काम कारण झाले.

घरात मात्र सूर जुळून राहिले नाहीत. १९२२ मध्ये ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या आणि सकीना पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून प्रसिद्ध झाल्या. कृष्णराव आणि कमलाबाई ही आणखी दोन भावंडे. ज्या घरासाठी खाँसाहेबांनी दरबार सोडला होता, ते घर पंचवीस वर्षांच्या आत विस्कटले. दोष कोणाचा, याचा निवाडा आज करण्यात अर्थ नाही. इतके मात्र खरे, की सुरेशबाबू आणि हिराबाई यांना पुढची तालीम वडिलांकडून मिळाली नाही. ती किराण्याचेच दुसरे दिग्गज अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून मिळाली. वडिलांचे नाव गेले, पण घराण्याचा सूर गेला नाही. हिराबाईंच्या गाण्यात महाराष्ट्राने जो हळुवार, निर्मळ स्वर ऐकला, त्याची मुळे मिरजेच्या त्याच घरात होती. त्यांचा जन्मही १९०५ मध्ये मिरजेतच झाला.

त्याच १९०५ च्या सुमारास खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. त्या तंत्राच्या बालपणातल्या होत्या. त्यांचा खरा आवाज आपल्याला ऐकू येतो तो १९३० च्या दशकातील ओडियन कंपनीच्या तबकड्यांत. तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करण्याची अट होती. तासभर आलापी करणाऱ्या गवयाला ती जाचक वाटायला हवी होती. पण स्वर लागताक्षणी राग उभा राहत असेल, तर तीन मिनिटेही पुरतात, हे त्यांनी दाखवून दिले. झिंझोटी आणि भैरवीतील त्यांच्या ठुमऱ्या गावोगावी वाजू लागल्या. झिंझोटीची ठुमरी कुंदनलाल सैगल यांनी १९३५ च्या देवदास चित्रपटात गायली. गदगमध्ये एका दुकानात वाजणारी तीच तबकडी ऐकून भीमसेन जोशी नावाचा मुलगा झपाटला आणि गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. भटकून तो अखेर सवाई गंधर्वांच्या दारी पोहोचला, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाचे मूळ असे त्या तबकडीपर्यंत जाते.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासला गेले होते. तेथून ते पाँडिचेरीकडे रेल्वेने निघाले. वाटेत त्यांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. अखेरची घटका जवळ आल्याचे त्यांनी ओळखले असावे. त्यांनी तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी रागात कलमा आळवत प्राण सोडला, अशी हकीकत शिष्यपरंपरेने जपली आहे. ती तारीख होती २७ ऑक्टोबर. पार्थिव मिरजेला आणले गेले आणि ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात संगीत सभा भरते आणि देशभरचे कलावंत तेथे हजेरी लावतात. अनेक जण ती सेवा मानून गातात.

मिरजेत सतार आणि तंबोरे आजही हातानेच घडतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव सुरक्षित होते. मात्र जवारी लावणारा कान नव्या पिढीत तयार करणे त्याच्या आवाक्यातले नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग तो मोबाइलमध्ये मावू लागला. बटण दाबताच न बिघडणारा, न उतरणारा षड्ज मिळतो. विद्यार्थ्याची त्याने मोठी सोय केली आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण खरा तंबोरा लावताना दोरा सरकवत, तारेकडे कान लावून गंधाराची वाट पाहण्यात जो अर्धा तास जातो, तो या सोयीने वाचतो आणि त्याबरोबर कानाची एक शिकवणीही हुकते.

खाँसाहेबांनी हा अर्धा तास आयुष्यभर वाचवला नाही. म्हणूनच खरखरत्या जुन्या तबकडीवरही त्यांचा षड्ज लागला की ऐकणारा क्षणभर थबकतो.